एक पीळ जास्त

"आधी घड्याळाले चावी, मंग आपल्या पोटाले भाकर. हे सोडू नको, पोरी."

आबांना जाऊन दोन पावसाळे उलटले होते, तरी सकाळी देवघरासमोर पाट मांडला की अनुपमाच्या कानात हा आवाज हटकून यायचा. खोकल्यानं मध्येच तुटलेला, पण मायेचा. तुळशीला पाणी घालून आलेले ओले हात ती ओढणीला पुसायची, निरांजन लावायची, सावकाश स्तोत्र म्हणायची. शेवटी देवाच्या उजव्या हाताला ठेवलेली पितळी डबी उघडायची. डबीत मखमलीच्या तुकड्यावर ते घड्याळ असायचं. सोन्याचं, साखळीचं, तळहातावर जड लागणारं. झाकणावरची वेलबुट्टी झिजून झिजून आता डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांनाच कळायची.

घड्याळ काकासाहेब निमकर्डे यांचं. वऱ्हाडात त्यांचं नाव अजूनही आदरानं घेतात. चळवळीत तुरुंगात गेलेला आणि सुटून आल्यावर खेडोपाडी शाळा काढत फिरलेला हा माणूस. अनुपमाचे आबा, म्हणजे आजोबा महादेवराव, तरुणपणी त्यांची जीप चालवायचे. काकासाहेब सभेत बोलायला उभे राहिले की माणसं उन्हाचं भान विसरायची; पण स्वतःच्या खिशातल्या घड्याळाला चावी द्यायचं मात्र त्यांना कधी म्हणून आठवलं नाही. दोनचार सभा चुकल्यावर त्यांनी घड्याळ काढून महादेवरावांच्या हातात दिलं. "महादू, ह्याचं पोट आता तू भरत जा." महादेवराव हुशार. त्यांनी रोज चावी तर दिलीच, वर काटा गुपचूप थोडा पुढं सरकवून ठेवला. तेव्हापासून काकासाहेब वेळेचे पक्के म्हणून गाजले, ते अखेरपर्यंत. शेवटच्या आजारात त्यांनी ते घड्याळ महादेवरावांनाच देऊन टाकलं… आणि महादेवरावांनी जाताना ते नातीच्या ओंजळीत ठेवलं.

अनुपमानं तो नेम मनापासून धरला. चावी दिल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे, आणि स्तोत्र संपल्यापासून चावी देऊन होईपर्यंत कुणाशी बोलत नसे. आईबाप तिला हसायचे, पण त्या वेळात कुणी तिला हाक मारत नसे.

श्रावणातली सकाळ होती. रात्रीपासून झड लागली होती… बारीक, न थांबणारी. धामणगावच्या त्या घरामागं त्यांची रोपवाटिका होती. मिरचीच्या रोपांचे ट्रे पावसात वाहून जाऊ नयेत म्हणून आई आणि बाबा दोघंही हिरव्या जाळीखाली अडकले होते. घरात अनुपमा एकटी. दार सताड उघडं. डोळे मिटून तिनं शेवटची ओळ म्हटली आणि नेहमीप्रमाणे लांबवून, हात जोडून संपवलं —

"हरिऽ ओऽम…"

"हो, मीच," दारातून आवाज आला. "पण तुम्हाला कसं कळलं?"

तिनं दचकून डोळे उघडले. दाराशी एक तरुण उभा होता. शिडशिडीत, भिजलेला, चष्म्याच्या काचांवर थेंब. छत्री मिटलेली, आणि मिटलेल्या छत्रीतलं पाणी त्याच्याच बुटात गळत होतं. चेहऱ्यावर मात्र असं नवल, की जणू या घरात त्याची कधीपासून वाट पाहिली जात होती.

आता हिची पंचाईत. चावी द्यायची राहिलेली, बोलता तर येत नाही. तिनं हात वर केला — थांबा. तो थांबला. तिनं बोटानं दाखवलं, आत या, भिजू नका. त्यानं एक पाऊल आत टाकलं, बुटाकडं पाहिलं, आणि ते पाऊल पुन्हा बाहेर घेतलं. तिला हसू आलं. ते दाबायला तिनं मान खाली घातली. डबी उघडली. घड्याळाचं वरचं गोल बोंड — कपाशीच्या बोंडासारखं दिसतं म्हणून आबा त्याला बोंडच म्हणायचे — चिमटीत धरून ती हळूहळू फिरवू लागली. कुर्र… कुर्र… तो श्वास रोखून पाहत होता. बोंड बोटाला जड लागलं तशी ती थांबली, घड्याळ कानाशी नेलं, कपाळाला लावलं, आणि मग त्याच्याकडं वळली.

"मी देवाचं नाव घेत होते," ती हळूच म्हणाली.

"अच्छा…" त्यानं चष्मा काढून रुमालानं पुसला, आणि तो आणखीच धूसर झाला. "माझ्या आईनंही तिथूनच घेतलं. मी हरिओम. नांदुऱ्याहून आलो. काकासाहेबांच्या स्मारकाचं वाचनालय आहे ना, तिथं ग्रंथपाल."

तेव्हा तिला आठवलं. बाबा म्हणाले होते, स्मारकाची माणसं येणार आहेत. काकासाहेबांच्या वस्तूंची एक खोली तयार होत होती. त्यांचा चरखा, काठी, तुरुंगातली थाळी, सगळं जमलं होतं. घड्याळ तेवढं राहिलं होतं. बाबांनी, म्हणजे ज्ञानेश्वररावांनी, केव्हाच होकार कळवला होता. अशी वस्तू आपल्या एकट्याच्या देवघरात ठेवणं बरं नाही, ती लोकांनी पाहावी, असं त्यांचं म्हणणं. अनुपमालाही ते पटत होतं. पटलेली गोष्टही जड जाते, एवढंच.

जाळीखालून बाबा आणि आई आले. आईनं, सुवर्णाबाईंनी, पाहुण्याला टॉवेल दिला, बसायला खुर्ची दिली, आणि भिजलेल्या माणसाला पाहून आल्याचा चहा टाकला. बोलणी झाली. पावती, सही, घड्याळ काचेच्या पेटीत राहील, कुलूप कुणाकडं राहील, सगळं. अनुपमा भिंतीला टेकून ऐकत होती. सगळं ठरल्यावर तिनं एकच विचारलं, "चावी कोण देईल?"

तो गडबडला. हे कुणी ठरवलंच नव्हतं. प्रदर्शनातलं घड्याळ बंदच असतं, असं तो म्हणणार होता बहुतेक… पण तिच्याकडं पाहून त्यानं ते गिळलं. "मी देईन," तो म्हणाला. "रोज."

बाबांनी हसत हसत लेकीचा नेम त्याला सांगितला. म्हणाले, घड्याळ न्या हो तुम्ही, पण माझी पोरगी उपाशी राहील त्याचं काय करता? सुवर्णाबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. परक्या पोरासमोर घरातलं काय सांगायचं. पण तो हसला नाही. चहाची कपबशी खाली ठेवून त्यानं चांगला विचार केला.

"मी रोज सकाळी चावी दिली की फोन लावीन," तो म्हणाला. "घड्याळ फोनला लावून धरीन. तुम्ही ऐका… आणि मग चहा घ्या."

निघताना त्याच्या एका हातात ती पितळी डबी होती आणि दुसऱ्या हातात मिरचीच्या रोपांचा अख्खा ट्रे. सुवर्णाबाईंनी कुणालाही या घरातून रिकाम्या हातानं जाऊ दिलेलं नव्हतं. छत्री धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून तो आला तसाच भिजत परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमा पूजा आटोपून बसली. देवाच्या उजव्या हाताची जागा रिकामी. ती फोनकडं पाहायची नाही असं ठरवून फोनकडंच पाहत होती. तेवढ्यात तो वाजला.

"ऐका हं," हरिओम म्हणाला, आणि मग… तो आवाज.

त्या घड्याळाची चाल लंगडी होती. एकदा मोताळ्याच्या सभेत काकासाहेबांच्या हातून ते व्यासपीठावर पडलं होतं म्हणे. तेव्हापासून ते एक टिक टाकून जरा अडखळायचं आणि पुढच्या दोन घाईनं टाकायचं. टिक… टिकटिक. टिक… टिकटिक. लहान असताना ती आबांच्या छातीवर डोकं ठेवून हे ऐकत झोपायची. नांदुऱ्याहून, एवढ्या लांबून, ते तसंच लंगडत तिच्या कानात आलं. तिचे डोळे भरले.

"ऐकलं," ती म्हणाली.

"मग घ्या चहा. आणि हो… ते बरंच पुढं धावत होतं. मी बरोबर लावलं."

"अहो, नका," ती जरा मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं लाजली. मग तिनं त्याला आबांची युक्ती सांगितली. पलीकडं हसू फुटल्याचा आवाज. वेळेचे पक्के काकासाहेब… तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. त्याच दिवशी त्यानं काटा पुढं केला. प्रदर्शन पाहायला आलेले लोक घड्याळ चुकतंय म्हणून तक्रार करायचे आणि हा शांतपणे सांगायचा, बरोबर चुकतंय.

असे फोन सुरू झाले. सुरुवातीला दोघंही अगदी पुस्तकी बोलायचे, शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तसं. 'मला असं वाटतं', 'आपण काय करता'. टिकटिक ऐकायची, दोन वाक्यं, आणि फोन बंद. मग दोनाची चार झाली. त्याच्या मागून रेल्वेची घोषणा ऐकू यायची, कधी झाडूचा आवाज, कधी वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचं भांडण. तिच्या मागून सुवर्णाबाईंची भांडी. तो मिरचीच्या रोपांची खबर द्यायचा. भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत त्यानं तेलाच्या डब्यांत ती लावली होती. शेजाऱ्यांना वाटून वाटून अजून संपत नव्हती. ती त्याला, पानं मुरडली तर काय फवारायचं ते सांगायची. इतकं हळू सांगायची की तो दोनदा विचारायचा. पुढं पुढं तर ऐकू आलं तरी दोनदा विचारायचा.

एका सकाळी तो घाईत होता. तिनं विचारलं, आज नाश्ता केला का? तो सहज बोलून गेला —

"कायचा नाश्ता… मले उठालेच उशीर झाला."

'मले.' सोवळं सुटल्यासारखं त्याला झालं असावं. पण ती हसली, आणि म्हणाली, "मंग मलेबी चहा जाणार नाही आता." त्या दिवसापासून पुस्तकी मराठी गेली ती गेलीच.

भादव्यात एकदा त्यानं विचारलं, तुमची पूजा कोणत्या शब्दावर संपते, ते आठवते का? तिला आठवत होतं. गेले कित्येक दिवस तिची तिथंच तर गडबड होत होती. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज नीट यायचा आणि 'हरि ओम' आलं की पुटपुटल्यासारखा व्हायचा. सुवर्णाबाईंनी एकदा टोकलंही होतं, देवाले ऐकू आलं पाह्यजे वं पोरी, असं तोंडातल्या तोंडात काय म्हणतेस.

"आठवते," ती म्हणाली. "काऊन?"

"मी विचार करून राह्यलो… माह्या बायकोची लय पंचाईत आहे. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणतात. आन् ती जर रोज पूजा करणारी भेटली, तर शेवटी म्हणंल काय?"

अनुपमाचा कान गरम झाला. फोनचा नव्हे, तिचाच. "तुम्ही पूजा न करणारी पाहा," ती म्हणाली.

"तशी नाही पाह्यजे पण."

तिनं फोन ठेवून दिला. ठेवला, आणि मग लक्षात आलं की आज टिकटिक ऐकायचीच राहिली. चहा समोर निवत होता. ती पुन्हा फोन लावणार नव्हती… लाज वाटत होती. तेवढ्यात त्याचाच आला. त्यानं नुसतं घड्याळ धरलं. टिक… टिकटिक. ती ऐकत राहिली, नेहमीपेक्षा बराच वेळ.

नवरात्र आलं. नऊ दिवस तिचे उपास. फक्त सकाळचा चहा चालायचा, आणि तो त्या टिकटिकीनंतर. खंडेनवमीला रोपवाटिकेतल्या खुरप्यांना, फवाऱ्याला हळदकुंकू लागलं. दसऱ्याला त्यानं नेहमीपेक्षा लवकर फोन केला. मी पण घड्याळाले फूल वाहिलं म्हणाला, आपट्याचं पानही ठेवलं. आवाजात सण होता. तिलाही बोलायचं होतं, पण घरात पाहुणे होते. उद्या बोलू, असं म्हणून दोघांनी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फोन जरा उशिरा आला.

"ऐका," तो म्हणाला. तिनं डोळे मिटले.

टिक. टिक. टिक. टिक.

सरळ. एकसारखं. कवायतीतल्या पोरासारखं. कुठं अडखळणं नाही, कुठं घाई नाही.

तिचे डोळे उघडले. हे ते नव्हतं. हे गजराचं साधं घड्याळ होतं, टेबलावरचं. एखादा माणूस दुसऱ्याचा आवाज काढून हाक मारून गेला तर कळतंच ना, तसं तिला कळलं.

"ऐकलं?" त्यानं विचारलं. आवाज कोरडा होता, थोडा घाबरलेला.

एवढ्याशा क्षणात तिच्या मनात किती काय येऊन गेलं. आबांचं वाक्य आलं. घड्याळ थांबलं, हे कळलं. आणि हा माणूस आपण उपाशी राहू नये म्हणून पलीकडं दुसरं घड्याळ धरून उभा आहे, हेही कळलं. नाही म्हटलं असतं तर तो काय बोलला असता कोण जाणे. पण तो शरमला असता… आणि उद्या कदाचित फोन आला नसता.

"ऐकलं," ती म्हणाली. आणि तिनं चहा घेतला.

घेतला, आणि मग दिवसभर तिला चैन नाही. उद्या सांगू म्हणाली. उद्याही टिक टिक टिक सरळ आली, आणि उद्याही ती 'ऐकलं' म्हणाली. परवाही. तो आता कमी बोलायचा. मिरच्यांची खबर नाही, म्हाताऱ्यांची भांडणं नाहीत. घड्याळ ऐकवायचा आणि ठेवायचा. दोघांच्या मध्ये ते खोटं घड्याळ बसलं होतं आणि दोघंही त्याला हलवत नव्हते. नेम मोडल्याची रुखरुख तिला होतीच. पण देवासमोर बसली की तिला दुसरंच टोचायचं. नेम मोडला, हे खरं. पण तो मोडताना मला वाईट का नाही वाटलं? फोन वाजला तेव्हा मी खूश का झाले?

शेवटी तिनं आडून आडून आईला विचारलं. भाकरी थापताथापता, सहज विचारल्यासारखं. आबांच्या काळात घड्याळ कधी बिघडलं होतं का गं?

सुवर्णाबाईंना हसू आलं. बिघडलं नाही तर काय, म्हणाल्या. मी नवीनच होती या घरात. घड्याळ दुरुस्तीले खामगावले न्यावं लागलं. तिथं ते चांगलं आठवडाभर पडलं.

"मंग आबा आठवडाभर उपाशी?"

"उपाशी?" आईनं भाकर तव्यावर टाकली. "रोज खामगावले जायचे, त्या दुकानात बसायचे अन् कचोऱ्या खायचे. मामंजींले म्या विचारलं, तर म्हणे, माणूस बिमार पडलं म्हणजे आपण जेवण सोडतो का? त्याच्या उशाशी जाऊन बसतो."

अनुपमा परातीतल्या पिठाकडं पाहत राहिली. तिच्या मनातला एक गुंता कुणीतरी अलगद सोडवून दिला होता. सुवर्णाबाईंनी तिच्याकडं तिरकं पाहिलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, नांदुऱ्याले जायचं असंल तर मोकळे ट्रे घेऊन ये, आपले संपत आले. आपण नांदुऱ्याचं नाव काढलंच नव्हतं, हे बसमध्ये बसल्यावर अनुपमाच्या लक्षात आलं.

मोताळ्याला गाडी बदलून ती नांदुऱ्याला उतरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. स्मारक शोधायला वेळ लागला नाही. वाचनालयात पंख्याखाली दोघं म्हातारे एकच वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी वाचत होते. आतल्या खोलीत काकासाहेबांचा चरखा, काठी, थाळी. आणि काचेच्या पेटीत घड्याळ. त्याच्यापुढं सुकलेलं झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. काटे थांबलेले.

ती पेटीसमोर खाली सतरंजीवर बसली. उशाशी बसावं तशी. नमस्कार केला, आणि बसून राहिली.

हरिओम पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दारात आला. गठ्ठा त्याच्या हातातच राहिला.

"तुम्ही…" मग त्यानं काचेच्या पेटीकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला. पुस्तकं त्यानं खिडकीत ठेवली, चष्मा काढला, घातला. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"सांगा मंग."

तो समोर येऊन सतरंजीच्या कडेला बसला, तपासनिसापुढं बसतात तसा. हळूहळू सांगू लागला. दसऱ्याचा दिवस होता. सकाळी फूल वाहिलं, पान ठेवलं, चावी दिली. बोंड जड लागलं, म्हणजे थांबायला पाहिजे, हे तिनंच दाखवलेलं. पण सणाचा दिवस…

"मले वाटलं, सण आहे, आज त्यालेबी दोन घास जास्त," तो म्हणाला. "एक पीळ जास्त देल्ला. आतमध्ये खट्ट झालं."

अनुपमानं ओढणी तोंडाला लावली. त्याला वाटलं ती रडतेय. तो आणखीच घाबरा झाला. स्मारकाच्या अध्यक्षांना त्याच दिवशी सांगितलं म्हणाला, खामगावच्या कारागिराला दाखवलं, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली आहे, ती मिळाली की तो बसवून देणार आहे. साऱ्या जगाले सांगितलं. फक्त तुमाले नाही…

"काऊन?"

"तुम्ही उपाशी राह्यले असते." तो पेटीकडं पाहत होता, तिच्याकडं नाही. "कमान कधी येईल त्याचा भरवसा नाही. मी इकडे जेवलो असतो, आन् तुम्ही तिकडे… मले घास गेला नसता. म्हणून माह्या टेबलावरचं घड्याळ धरलं. चूक झाली. तुमचा नेम मी मोडला. तुम्हाले माहीतबी नसताना मोडला."

ओढणी बाजूला झाली. ती हसत होती, आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पह्यल्याच दिवशी. आपलं घड्याळ लंगडते. तुमचं टेबलावरचं सरळ चालते."

त्याची नजर पेटीवरून तिच्याकडं वळली. बाहेर कुठली तरी गाडी स्टेशनातून धडधडत गेली.

"मंग… चहा?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"घेतला."

"काऊन पण?"

अनुपमानं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला. असलं काही ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. देवाशीही नीट बोलली नव्हती.

"मी घड्याळाची वाट पाहतच नव्हती," ती म्हणाली. "मी फोनची वाट पाहत होती."

पंखा फिरत होता. त्याच्या वाऱ्यानं आपट्याचं पान हललं नाही, ते काचेच्या आत होतं. पण तिच्या कपाळावरचे केस हलले, आणि ते मागं सारायला त्याचा हात उगीच थोडा उचलला गेला… आणि तिथंच थांबला. काकासाहेबांच्या खोलीत होते ते दोघं. त्यानं हात परत गुडघ्यावर ठेवला. ती त्या हाताकडं पाहून हसली.

बाहेरच्या खोलीतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, ग्रंथपाल, पाणी संपलं का माठातलं? तो उठला, पाणी भरून आला, आणि परत येऊन तिथंच बसला. ह्या एवढ्या वेळात त्याचा चेहरा बदलला होता. कान लाल झाले होते, पण पाठ ताठ होती.

मग ती म्हणाली, की आता एक कठीण काम राहिलं. बाबांना यातलं काही माहीत नाही. ते रोपं न्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला अभिमानानं सांगतात, आमचं घड्याळ नांदुऱ्यात चालू आहे, रोज आवाज येतो. मी त्यांच्यासमोर रोज 'ऐकलं' म्हटलं. माझंही खोटं त्यात आहे. मी आज घरी जाऊन सांगणार.

"तुम्ही नका सांगू," हरिओम म्हणाला. "पीळ मी देल्ला. मी सांगतो. तुमच्या घरी येऊन, त्यायच्या समोर बसून. येत्या रविवारी." मग जरा थांबून, "घड्याळाचं सांगतो… आन् दुसरंबी सांगतो."

"दुसरं काय?"

"ते त्यायलेच सांगतो. तुमाले तर कळलं."

"ते रागावतील," ती म्हणाली.

"पह्यल्यावर रागावतील का दुसऱ्यावर?"

"पह्यल्यावर नक्की. दुसऱ्याचं… माय सांभाळून घेईल." तिला परातीवरून आलेली आईची ती तिरकी नजर आठवली. "पण खरंच येसान ना?"

"येतो. वचन."

ट्रे घेऊन ती बसस्थानकावर आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. तो सोडायला आला नाही. वाचनालय उघडं टाकून कसा येणार, आणि नांदुऱ्यात सगळे त्याला ओळखतात. मोताळ्याची गाडी लागलेली होती. मागच्या खिडकीपाशी जागा मिळाली. ट्रेचा गठ्ठा तिनं पायाशी उभा केला. आज सकाळपासून पोटात अन्न नाही, हे तिला आता आठवलं. तिनं पिशवीतून डबा काढला, मनातल्या मनात हात जोडले, आणि पोळीचा पहिला घास घेतला. गोड लागला. नेम आपल्याकडून सुटला, की आपण त्याला नीट धरायला आत्ताच शिकलो, हे तिला ठरवता येईना. ठरवायची घाईही वाटेना.

रविवारला अजून अवकाश होता. तेवढे दिवस घरी तोंड बंद ठेवायचं, या विचारानं तिला धाकधूक वाटत होती. बाबांसमोर उद्या सकाळी पुन्हा काय म्हणायचं?

कंडक्टरनं दार ओढून घेतलं, आणि कुणीतरी बाहेरून त्यावर थाप मारली. दार उघडलं. हरिओम वर चढला. धापा टाकत होता, मुठीत वाचनालयाची किल्ली, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. कोपरापाशी घडीची रेघ होती, म्हणजे दसऱ्यानंतर घडी घालून ठेवलेलाच असणार. त्यानं गाडीभर नजर फिरवली. ती दिसली. तो तिच्याजवळ आला नाही. चार माणसं पाहत होती, आणि असल्या कामाला जाताना मुलीशेजारी बसून जात नाहीत, एवढं त्याला कळत होतं. पुढं चालकामागची जागा रिकामी होती, तिथं तो जाऊन बसला.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"धामणगाव. मोताळ्यावरून पुढं जायचं आहे."

गाडी स्थानकातून वळून रस्त्याला लागली. मधल्या माणसांच्या डोक्यांमधून तिला त्याची मान दिसत होती आणि गालाचा थोडासा भाग. त्याचे ओठ हलत होते. आधी तिला वाटलं, तो जप करतोय. मग लक्षात आलं, तो बाबांना सांगायची वाक्यं म्हणून पाहतोय. एक म्हणायचा, मान हलवून नाही म्हणायचा, पुन्हा पहिल्यापासून. मोताळ्याचा रस्ता सुरू झाला तसं त्यानं शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावलं, आणि हात मांडीवर ठेवून सरळ बसला.